मुलकी, भूमिपुत्र आणि वाट्याचा हिशेब



पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला 'मुलकी' हा शब्द ऐकवला तर त्याला महसूल खाते आठवते. मुलकी पाटील म्हणजे सारा वसूल करणारा पाटील. आमच्या नांदेड-लातूरकडे, निदान जुन्या माणसांच्या तोंडी, ह्या शब्दाचा अर्थ निराळा होता. मुलकी म्हणजे ह्या मुलखातला, इथला. आणि गैरमुलकी म्हणजे बाहेरून आलेला. हा फरक नुसता बोलण्यातला नव्हता. सरकारी नोकरी कोणाला मिळावी हे त्याच्यावर ठरत असे, आणि तसा रीतसर नियम होता.

एका राज्यात अनेक भाषांचे, अनेक धर्मांचे, अनेक जातींचे लोक राहतात. कायद्याने सगळे सारखे म्हटले, तरी बाजारात फिरून पाहिले की कोणाच्या हाती गल्ला दिसतो, कोणाच्या हाती शिक्का आणि कोणाच्या हाती नुसते खुरपे. मग मागे राहिलेल्यांना वाटा राखून द्यावा असा विचार निघतो. तो योग्यच आहे. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, आणि तो फार अवघड आहे. 'आपला' कोणाला म्हणायचे, आणि 'आपल्यांना' म्हणून दिलेला वाटा आपल्यांतल्या नेमक्या कोणाच्या घरात गेला? आमच्या मराठवाड्याने ह्या प्रश्नाची बरीच फी भरली आहे. शिक्षकमंडळींनी वर्गात सांगावी अशी ही गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात शेवटी सोळा जिल्हे होते. आठ तेलंगणातले, पाच मराठवाड्यातले, तीन कर्नाटकातले. लोकसंख्येत जवळजवळ निम्मे तेलुगू बोलणारे, सुमारे चौथा हिस्सा मराठी, आठव्या हिश्श्याच्या आसपास कानडी आणि दहाव्या हिश्श्याच्या आसपास उर्दू. राज्यकर्ता मुसलमान, आणि १९४१ च्या गणतीत मुसलमानांचे प्रमाण साधारण आठवा हिस्सा. आता ह्या राज्याच्या कचेऱ्यांतून कोण बसले होते?

पहिला सालारजंग १८५३ पासून १८८३ पर्यंत दिवाण होता. माणूस कर्तबगार. मोडकळीला आलेला कारभार त्याने रुळावर आणला, त्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली, हुशार माणसे बोलावली. पुढे १८८० च्या दशकात दरबारी फारसी गेली आणि कारभारात उर्दू आली. बाहेरून आलेल्यांचे भाऊबंद आले, मेहुणे आले, आणि हैदराबादच्या जुन्या घराण्यांची पोटे दुखू लागली. मुलकी-गैरमुलकीचा वाद मूळचा असा आहे. तो शहरातल्या वरच्या लोकांचा आपसांतला वाद होता. औश्याचा किंवा कंधारचा कास्तकार त्यात कुठेच नव्हता.

ह्या वादातून १९१९ साली मुलकी नियम पक्के झाले. जो जन्माने संस्थानचा प्रजाजन तो मुलकी. किंवा बाहेरून येऊन ज्याने सलग पंधरा वर्षे वस्ती केली आणि परत जाण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र दिले, तोही मुलकी. नोकरी मुलकीला द्यायची, गैरमुलकीला द्यायची तर खास परवानगी पाहिजे. नियम वाचला तर त्यात धर्म नाही, जात नाही, भाषा नाही. लातूरचा माळी आणि हैदराबादच्या देवडीतला नवाब, दोघेही सारखेच मुलकी.

पण दार सर्वांना उघडे असले तरी उंबरठा उर्दूचा होता. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. एका भारतीय भाषेतून वैद्यक, गणित, कायदा असे सगळे आधुनिक ज्ञान शिकवणारे ते देशातले पहिले विद्यापीठ. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडून शेकडो पुस्तके उर्दूत आणली. हे काम खरोखर मोठे होते, आणि आज आपण मातृभाषेतून उच्च शिक्षणाच्या गप्पा मारतो तेव्हा त्याची आठवण ठेवली पाहिजे. अडचण इतकीच की ही मातृभाषा दहांतल्या एकाची होती. तहतानिया म्हणजे प्राथमिक शाळेत कुठे कुठे मराठी चाले. वस्तानियात आणि पुढे फौकानियात गेले की उर्दू. ज्या घरात बाप शेतात आणि आई शेतात, त्या घरातल्या लेकराला आधी परकी भाषा शिकायची आणि मग तिच्यातून भूगोल शिकायचा. बहुतेकांची मजल तिथवर गेलीच नाही. नोकरीचा नियम समतेचा आणि नोकरीचा रस्ता विषमतेचा, असा तो प्रकार होता.

ह्यावरून कोणी असे समजू नये की संस्थानातले सगळे मुसलमान सुखी आणि सगळे हिंदू दुःखी होते. नांदेडच्या गल्ल्यांतून राहणारा विणकर, टांगेवाला, मिलमजूर मुसलमान होता म्हणून त्याला जहागीर मिळाली नव्हती. उलट महाराजा किशनप्रसाद दोन वेळा, १९०१ ते १९१२ आणि पुन्हा १९२६ ते १९३७, राज्यकारभाराच्या सर्वोच्च पदावर होते. गावोगावचे देशमुख-देशपांडे वतने खात होते. जहागिरी हिंदूंकडेही होत्या. वर बसणारे थोडे होते आणि ते सगळ्या रंगांचे होते, एवढे मात्र खरे की कचेरीतल्या खुर्च्यांवर एक रंग अधिक गडद होता. गरीब मुसलमानाला 'राज्य आपले आहे' ह्या समाधानापलीकडे फारसे काही मिळाले नाही, आणि त्या समाधानाची किंमत पुढे त्यालाच मोजावी लागली.

मराठी माणसाने ह्या उंबरठ्यावर डोके आपटून घेतले नाही. त्याने बाजूला दुसरे दार पाडले. १९२१ साली उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. तिचे मुख्याध्यापक असलेले स्वामी रामानंद तीर्थ नंतर अंबाजोगाईच्या शाळेत गेले, आणि पुढे सगळ्या मुक्तिलढ्याचे नेते झाले. अशा खासगी शाळांतून, लोकांच्या वर्गणीवर, सरकारची मेहेरनजर नसताना मराठी शिकलेली एक पिढी तयार झाली. हैदराबादच्या लढ्याला कार्यकर्ते कुठून मिळाले असे कोणी विचारले तर मी म्हणेन, ह्या शाळांच्या हजेरीपटावरून.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई झाली आणि १७ तारखेला संस्थान भारतात आले. हा आपला मुक्तिदिन. त्याआधी रझाकारांनी खेडोपाडी जे केले ते आपण दर वर्षी सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले ते आपण सांगत नाही. भारत सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांची समिती इकडे फिरली. तिने सर्वांत जास्त पोळलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, आणि लातूरच्या बाजारातल्या सधन कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांचा उल्लेख त्या अहवालात आहे. तो अहवाल पुष्कळ वर्षे बंद राहिला. वाटा बदलण्याची ही एक रीत झाली: शेजारी पळाला, त्याचे दुकान दुसऱ्याचे झाले. नवाबाची देवडी हैदराबादला शाबूत राहिली. मेला आणि पळाला तो बहुतकरून इथला साधा माणूस, ज्याच्या सात पिढ्या मुलकी होत्या.

ज्यांना कोणी हात लावला नाही त्यांचेही एका रात्रीत काय झाले ते बघा. उर्दूतून शिकलेला कारकून, पेशकार, शाळेतला मुदर्रिस, ह्यांची सगळी विद्या एकदम जुन्या नाण्यासारखी झाली. त्यांत हिंदूही होते, कारण नोकरीसाठी तेही उर्दूच शिकले होते. मराठीतून कारभार करायचा, मराठीतून शाळा चालवायच्या, तर मराठी लिहिता येणारी माणसे पाहिजेत. ती पुण्याहून, मुंबईहून, नागपूरकडून आली. तेलंगणात मद्रासकडचे तेलुगू अधिकारी आले. म्हणजे पुन्हा गैरमुलकी! राजा गेला, भाषा बदलली, आणि खेड्यातल्या पोराला कचेरीच्या खुर्चीत पुन्हा अनोळखी माणूस दिसला. फरक इतका की ह्या वेळी तो त्याचीच भाषा बोलत होता, जरा जास्तच शुद्ध. आमच्याकडच्या बोलण्याला ही मंडळी हसत असत, अशी आठवण जुने शिक्षक अजून सांगतात.

१९५२ च्या सप्टेंबरात हैदराबादेत ह्याच रागातून विद्यार्थ्यांचे मुलकी आंदोलन पेटले आणि गोळीबारात माणसे मेली. १ नोव्हेंबर १९५६ ला संस्थानचे तीन तुकडे झाले. मराठवाडा विनाअट मुंबई राज्यात आला. 'विनाअट' हा शब्द आपण अभिमानाने उच्चारतो. पण त्याच्या आधी, २८ सप्टेंबर १९५३ रोजी, नागपूर करार झाला होता आणि त्यात विदर्भ-मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या, शिक्षणाच्या जागा आणि विकासाचा खर्च मिळेल असे वचन होते. घटनेच्या ३७१ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात विकास मंडळांची, तंत्रशिक्षणाची आणि राज्यसेवेतल्या पुरेशा संधीची तरतूद आली. मुलकी नियमाचे मात्र दिवस भरले होते. नोकरीला रहिवासाची अट लावण्याचा अधिकार घटनेने फक्त संसदेकडे ठेवला आहे, आणि १९५७ च्या कायद्याने संसदेने ती अट बहुतेक ठिकाणी काढून टाकली. तेलंगणापुरती ठेवली. तिथे पुढे काय रामायण झाले ते फार लांबेल. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलकी नियम वैध ठरवले तेव्हा आंध्र पेटला, १९७३ साली ते रद्द झाले, आणि २०१४ साली तेलंगण वेगळे निघाले तेव्हाही नोकऱ्यांचा हाच जुना हिशेब सभांतून मांडला जात होता.

इथे थोडे दूर जाऊ. आपल्याकडे 'भूमिपुत्र' हा शब्द मोर्च्यांतून आणि भाषणांतून नेहमी ऐकू येतो. हाच शब्द, संस्कृतातून उचललेला, समुद्रापलीकडे मलाया देशात 'बुमीपुत्रा' म्हणून चालतो, आणि तिथे तो सरकारी शब्द आहे. मलाया १९५७ साली स्वतंत्र झाला, म्हणजे मराठवाडा मुंबई राज्यात आला त्याच्या पुढच्याच वर्षी. १९६३ साली त्याचे मलेशिया झाले. इंग्रजांनी तिथल्या कथलाच्या खाणींच्या आणि बाजाराच्या निमित्ताने चिनी लोकांना वाढू दिले, रबराच्या मळ्यांवर मद्रासकडचे तमिळ मजूर नेले, आणि मूळच्या मलाय लोकांना भातशेती आणि मासेमारी करीत जिथल्या तिथे ठेवले. मलाय संख्येने निम्म्याच्या आसपास, राजे त्यांचे, पंतप्रधान त्यांचा. पण १९७० साली कंपन्यांच्या भांडवलातला त्यांचा वाटा शेकडा अडीचसुद्धा नव्हता. मोठा वाटा परदेशी कंपन्यांचा आणि त्यानंतर चिनी व्यापाऱ्यांचा. १३ मे १९६९ ला निवडणुकीनंतर क्वालालंपूर शहरात दंगली उसळल्या.

त्यातून १९७१ साली नवे आर्थिक धोरण आले. त्याची दोन कलमे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. एक, वंश कोणताही असो, गरिबी हटवायची. दोन, अमुक वंश म्हणजे अमुक धंदा ही सांगड मोडायची. दुसऱ्या कलमासाठी वीस वर्षांत भांडवलाचा ३० टक्के वाटा भूमिपुत्रांकडे आणायचे ठरले. राज्यघटनेच्या १५३ व्या कलमात नोकऱ्या, शिष्यवृत्त्या आणि परवाने यांत राखीव वाट्याची तरतूद आधीपासून होतीच.

फळ काय मिळाले? १९७० साली द्वीपकल्पातली जवळजवळ निम्मी घरे दारिद्र्यात होती. १९९० पर्यंत ते प्रमाण पाचव्या हिश्श्याच्याही खाली आले. मलाय डॉक्टर, वकील, इंजिनियर, शिक्षक यांचा एक मोठा वर्ग उभा राहिला. हे सारे दंगलीत दुकान लुटून झालेले नव्हते. वाढत्या उत्पन्नातला वाटा शाळा, वसतिगृहे, नव्या वसाहती यांच्या वाटेने फिरवला गेला. आमच्या १९४८ च्या आठवणीपुढे ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. भांडवलाचा वाटा मात्र १९९० साली १९ टक्क्यांच्या आसपास राहिला, आणि त्यातलाही पुष्कळसा सत्तेजवळच्या थोड्या घराण्यांत साचला अशी तक्रार मलाय लोकच करतात. परवाना मलायाच्या नावावर आणि दुकान चिनी भागीदाराचे, ह्या व्यवहाराला तिथे 'अली-बाबा' म्हणतात. आपल्याकडे ह्याला दुसऱ्याच्या नावावर घेतलेला ठेका म्हणतात, गोष्ट तीच. रबराच्या मळ्यावरचा तमिळ मजूर मलाय शेतकऱ्याइतकाच दरिद्री होता, पण तो भूमिपुत्र नव्हता. आणि मलाय लोकांच्याही आधीपासून त्या जंगलांत राहणारे जे ओरांग अस्ली आदिवासी, त्यांचे नावच १५३ व्या कलमात नाही. भूमीचा सर्वांत थोरला पुत्र वाटणीच्या कागदावरून गळला!

आता परत गावाकडे येऊ, कारण ह्या शेवटच्या दोन गोष्टींचे नातेवाईक आपल्याकडेही आहेत.

मराठवाड्याला वचन दिलेला वाटा मिळाला नाही, ही तक्रार खरी होती. १९७४ साली विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी बुजुर्ग माणसे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. रस्ते, पाटबंधारे, वीज, शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा असे एकेक खाते घेऊन समितीने राज्याची सरासरी काढली आणि प्रत्येक जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पैशांत मांडले. ह्यालाच 'अनुशेष' म्हणतात. हा शब्द तेव्हापासून आपल्या घरातला झाला. १९८४ च्या त्या अहवालात सगळ्या राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये निघाला, त्यात मराठवाड्याचा ७५० कोटी ८५ लाख. ज्या विकास मंडळांची सोय घटनेत १९५६ सालीच झाली होती ती १ मे १९९४ ला अस्तित्वात आली, अडतीस वर्षांनी. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

दांडेकरांचे काम चोख होते. विद्यार्थ्यांना आकडे कसे मांडावेत ते शिकवायचे असेल तर मी आजही तोच अहवाल पुढे ठेवीन. पण त्या तराजूत एक माप नव्हते, आणि ते असणे शक्यही नव्हते. कालवा जिल्ह्यात आला हे त्यात मोजता येते; कोणाच्या शेताला पाणी मिळाले हे मोजता येत नाही. 'मराठवाडा मागे' म्हणताना मराठवाड्यातले पुढे कोण आणि मागे कोण, हे झाकून जाते. भूमिपुत्र हा शब्द घ्या. ज्याच्या नावावर गुंठाभर भूमी नाही त्याला भूमिपुत्र कसे म्हणायचे? आमच्या खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सालगडी म्हणून राबणारा, गावकुसाबाहेर राहणारा माणूस सातबाऱ्यावर नव्हताच. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते ह्यासाठी. गायरानावर कसत असलेल्या मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचा सरकारी निर्णय १९९१ साली निघाला. तोवर कसणाऱ्यांच्या दोन पिढ्या होऊन गेल्या होत्या. गायरानाच्या वहिवाटीवरून अजूनही गावोगाव तंटे होतात.

शिक्षणाची शिडीही अशीच बाजूने लागली. १९५० साली डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात केली, आणि त्याच साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. डॉ. आंबेडकर काही निजामी मुलखातले नव्हते. जुन्या नियमाने ते गैरमुलकीच. पण मराठवाड्याच्या वाड्यावस्त्यांतल्या ज्या मुलांना इथल्या कोणत्याही मुलकीने कॉलेजचे दार दाखवले नव्हते ती मुले त्यांच्या वसतिगृहांत राहून पदवीधर झाली. मग ती मास्तर झाली, तलाठी झाली, बँकेत लागली. गावातल्या काहींना हे सहन होईना. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि आमच्या नांदेड-परभणीकडे दलितांची घरे जळली. नावाचा वाद होताच, पण त्याच्या खाली नोकरी न लागलेल्या पदवीधराचा राग होता. ती नोकरी मुंबई-पुण्याला गेली असे त्याला शिकवले होते, आणि हाताशी मात्र शेजारच्या वस्तीतला मास्तर सापडला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला वेगळे विद्यापीठ आले.

मुलखाची भिंत नेहमी दुबळ्याच्या बाजूने उभी राहते असेही समजू नये. वैद्यकीय प्रवेशांत आपल्या राज्यात अनेक वर्षे ७०:३० चे सूत्र होते. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के सगळ्या राज्याला. वरवर पाहता हा मुलकी नियमच, म्हणजे आपल्या मुलांचे रक्षण. पण मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालये थोडी आणि लातूर-नांदेडच्या शिकवण्यांमुळे चांगले गुण मिळवणारी मुले पुष्कळ. त्यामुळे ही भिंत आपल्याच मुलांना आत कोंडू लागली. तिकडच्यापेक्षा जास्त गुण असून इकडचा मुलगा घरी. शेवटी मराठवाड्यानेच ओरड केली आणि सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले. ज्या प्रदेशाने एकेकाळी नोकरीत रहिवासाची अट मागितली त्यानेच इथे ती नको म्हटली, आणि दोन्ही वेळा त्याचे बरोबर होते. भिंतीच्या आत जागा किती आणि माणसे किती, हे आधी मोजावे लागते.

रेषेचा आणखी एक नमुना सांगतो. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडकडे आला. तिथे गोंड आहेत, कोलाम आहेत, आंध आहेत, आणि बंजाऱ्यांचे तांडे आहेत. एकाच गोताचे, एकच बोली बोलणारे बंजारे रेषेच्या पलीकडे तेलंगणात १९७६ च्या कायद्यापासून अनुसूचित जमाती आहेत, आणि अलीकडे महाराष्ट्रात विमुक्त जाती. पलीकडे दिलेल्या लेकीच्या मुलाला एक दाखला, अलीकडे राहिलेल्या लेकाच्या मुलाला दुसरा. पलीकडच्या गोंडांना विचारले तर बंजारे यादीत आल्यापासून आपला वाटा आटला असे ते म्हणतात. त्यांचेही खोटे नाही.

आणि आता तर सगळे लक्ष निजामाच्या दप्तराकडेच लागले आहे. मराठा समाजासाठी २०१८ साली केलेला आरक्षणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला. त्यानंतर मागणी आली की मराठवाड्यातल्या जुन्या नोंदींत आमचे पूर्वज कुणबी म्हणून लिहिलेले आहेत, तेव्हा तसे दाखले द्या. विदर्भातला कुणबी इतर मागासवर्गात आहे, मग आम्ही त्याच कष्टाचे कास्तकार असून बाहेर का, हा त्यांचा प्रश्न; आणि आधीच थोड्या ताटात एवढे मोठे कुटुंब बसले तर आमच्या वाटेला काय उरेल, ही माळी, धनगर, वंजारी आणि इतर लहान जातींची भीती. दोन एकरांवरचा कर्जबाजारी शेतकरी दोन्ही बाजूंना आहे. २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटच्या नोंदी विचारात घेण्याचा निर्णय काढला, आणि लागलीच त्याच गॅझेटाच्या आधारे बंजारा समाजानेही जमातीच्या दाखल्याची मागणी पुढे आणली.

ह्या नोंदी शोधण्यासाठी २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम चालले, आणि तहसिलांची, जुन्या शाळांची, भूमिअभिलेखाची कपाटे उघडली गेली. कागद निघाले ते काही मोडीत, काही उर्दूत. ते वाचील असा माणूस कचेरीत नव्हता. मग मोडीचे जाणकार शोधले गेले, आणि उर्दू वाचणाऱ्यांना बोलावून ते दाखल-खारीज आणि ते खासरे मराठीत उतरवून घेण्याचे काम सुरू झाले.